क्ष नदी

चिठ्ठ्या बुर्मा एजेंनी आपल्या लोकरी टोपीत फिरवल्या.
चौथा मजला, मार्च, बिश्केक.
रेडिएटर म्हाताऱ्या घोड्यासारखा धापा टाकत होता
आणि धुरापलीकडे डोंगर असावेत
असं गृहीत धरून आम्ही बसलो होतो.

'समकालीन प्रश्न', आठवडा सातवा.
अ देश वरच्या अंगाला. ब देश खालच्या.
मधून वाहते क्ष नदी.
करार मोडलाय, पाटावर दगड उडालेत,
तुमच्याकडे तीन तास आहेत.

नकाशावर नावं नव्हती.
पण नदीनं जिथं उजवीकडे कोपर मारलं होतं
तिथं मी पोहायला शिकले,
आणि त्या कोपराखाली, एका ठिपक्याएवढ्या जागेत,
माझा बाप रात्री बॅटरी घेऊन दारं धरतो.

मी अ-कडची. मला चिठ्ठी आली ब.
दालेर ब-कडचा. त्याला अ.
एजेंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या,
फार वेळ पुसत होत्या.

दालेर उठला आणि बोलू लागला
थेट माझ्या चुलत्याच्या आवाजात:
बर्फ आमच्या डोंगरावरचा, पाणी आमचं,
आधी आमची पाळी, उरलं तर तुमचं.
'उरलं तर' म्हणताना हात झटकायची तऱ्हासुद्धा तीच.
हे यानं कुठून ऐकलं?
मग आठवलं, पाटाची रुंदी नऊ हात आहे,
आणि उन्हाळ्यात
शिव्या सहज पलीकडे पोचायच्या.

मग मी उठले.
परिशिष्ट दोन, तक्ता चार. हेक्टरी गरज,
बाष्पीभवन, गाळ, खालच्या अंगाचा परंपरागत हक्क.
मला ठाऊक होतं फळी कुठं कुजलीय,
कोणत्या रात्री पहारेकरी झोपतो,
तक्त्यात नसलेलं पाणी कोण वळवतं
आणि कुणाच्या जर्दाळूंना.
नाव घेतलं नाही. 'अनधिकृत उपसा' म्हणाले.
शब्द धुतलेला होता. घरभेदी मीच.

दोन तास चाळीस मिनिटांनी अ देश वाकला.
मंगळवारची रात्र ब देशाला.

मंगळवार आमचा आहे.
माझ्या आजोबांनी तो एका गाभण घोडीच्या बदल्यात घेतला होता
तिकडच्याच कुणाकडून. कागद नाही.

मला ब्याण्णव गुण. समासात एजेंचं बारीक अक्षर:
'स्वतःच्या भूमिकेपासून योग्य अंतर राखलं.'
त्याखाली खोडलेलं एक वाक्य.
उजेडात धरून पाहिलं, लागलं नाही.

ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर दालेरनं
भाजलेल्या खारट बियांची पुडी सोडली.
फोडता फोडता म्हणाला, हे जर्दाळू आमच्याकडचे.
मी म्हटलं, चव आमच्याकडची आहे.
तो म्हणाला, आमच्या.
यावर करार झाला नाही.
पुडी संपली.

रात्री बापाचा फोन. फुलोरा आलाय,
आता थंडी उलटली नाही म्हणजे मिळवली.
आज काय शिकवलं?
मी सांगायला तोंड उघडलं तर
मागून पाण्याचा आवाज येत होता.
थांब, पाळी आलीय, म्हणाला,
आणि फोन तसाच चालू ठेवून
चिखलात उतरला.

वार कुठला ते मी मुद्दाम पाहिलं नाही.