कोमट पुडी

डिसेंबरात पाऊस!
विडी घरकुलाच्या पत्र्यावर रात्रभर
कुणी ज्वारी पाखडत बसावं तसा.
सकाळी धुकं इतकं
की समोरचा नळ दिसेना.

पंपात दोनच दाब उरले होते.
मोजून झाले, तरी मोजत बसले,
पंचविसाच्या जुड्या मोजायची तशी.

फोनवर पोरगं म्हणालं,
"चिठ्ठी काढून ठेवा मावशी,
मालक चिठ्ठी बघितल्याशिवाय देत नाहीत."
चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात.
टेंभुर्णीच्या पानाचा वास
तिलाही लागलेला,
माझ्या छातीला लागला तसाच.

साडेदहाला नदाफांचा वाजिद आला.
गाडी दोनदा बंद पडली म्हणे.
ओठ जांभळे,
आणि रेनकोट अंगावर नाही,
मागच्या खोक्यावर बांधलेला.
"कुणाचं तरी इन्सुलिन आहे त्यात."

"लोपल रा," मी म्हटलं, "चहा घे."
हसला.
"तेलुगू कळतंय मावशी,
पण अजून सात घरं आहेत."
शर्टाच्या आत हात घालून पुडी काढली,
चिठ्ठीचा फोटो घेतला,
सुटे चार रुपये मोजून दिले
आणि धुक्यात गेला.
हॉर्न तेवढा ऐकू येत राहिला, कुंभारीच्या अंगाला.

पुडी कोमट होती.
तशीच धरून उभी राहिले दारात.

दाब मागाहून घेतला.