बॉलपेन

घणसोलीत, तळमजल्यावर, दाराची चौकट
बोटाने दाबली तर बिस्किटासारखी खचली.
हसुराम घरत आले. फवारा नंतर,
आधी माझ्याकडे बॉलपेन मागितलं.

वीजबिलाच्या पाठीवर एक लांब वेलांटी ओढली,
चिमटीतून पाच-सहा वाळव्या सोडल्या.
आंधळ्या त्या,
तरी शाई वळेल तिथे वळत
निघाल्या एकीमागे एक.
"हिला त्यांच्या वाटेचा वास हाय.
पेन्सिलीवर नाय चालत."

मग भिंतीशी डबी पुरली:
ओला पुठ्ठा, आंब्याच्या कुजक्या फळीचा भुगा,
गुळाचं पाणी,
आणि ते दुसरं, ज्याला वासच नाही.
"इथं नाय मरत. घरी नेतात,
तोंडातून तोंडात भरवतात."

मी पावती पुढे केली.
"ही बिल्डिंग आमच्या खाजणात," सही करता करता म्हणाले,
"बानं अंगठा दिलेला.
पेन कधी धरलंच नव्हतं."

ते गेले. डबीवर मी कुंडी सरकवली.
वीजबिलावर एक वाळवी अजून होती,
वेलांटीच्या टोकाशी,
शाई संपते तिथे,
मिशा हलवत.