सदतीस टक्क्यांवर किल्ला

भोकऱ्यांची प्रेस बंद झाली तेव्हा
दोन पगारांच्या बदल्यात त्यांनी मला हा डबा दिला.
अप्पा बळवंत चौकातून धनकवडीपर्यंत
रिक्षात मांडीवर घेऊन आणला.
रिक्षावाला म्हणाला, "पेशंट आहे का?"
होता. एक जीबी रॅम, आणि पंखा असा
की चालू केला की शेजारचे विचारतात,
दळण टाकलंय का.

आज रविवार. वरच्या मजल्यावरचा ओजस आला,
गळ्यात ताइतासारखा पेनड्राइव्ह.
"काकू, थीम टाकू या. ड्रॅगनची."
टाक, म्हटलं.
अकरा वर्षं तीच हिरवी टेकडी बघतेय,
कुठली आहे तेही माहीत नाही.

आधी म्हणे एक फाईल बदलायची,
जिला हात लावू नये असं सगळे सांगतात.
त्याआधी तिची प्रत काढायची.
हे मला शिकवू नकोस, म्हटलं.
शिरोळ्यांच्या पत्रिकेत मुहूर्त चुकला होता,
पाचशे प्रती, आर्ट पेपर.
तेव्हापासून मी वाणसामानाच्या यादीचीही प्रत ठेवते.

डिस्कवर जागा नव्हती.
ओजसने काहीतरी पुसलं. मी भडंग करत होते,
काय ते पाहिलं नाही.

निळी पट्टी सरकली, सरकली,
सदतीस टक्क्यांवर बसली.
"हँग झाला."
थांब रे. सतरा वर्षं ओळखते मी ह्याला,
चढावर दम खातो.
टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. भडंग संपलं.
मग पडदा काळा झाला,
आणि किल्ला आला.

असा किल्ला आपल्याकडे नाही.
बुरुजांना टोप्या, चढायला वाट नाही,
दारात ताकाचं मडकं घेऊन बसलेली बाई नाही.
बाणाची तलवार झाली.
कचऱ्याच्या टोपलीची गुहा,
काही टाकलं की आत जाळ होतो.
आणि चंद्रावर तारीख, एक जानेवारी दोन हजार दोन,
कारण आतला सेल कधीच मेलाय.
तापकीर गल्लीत तीस रुपयांना मिळतो,
दोन वर्षं आणतेच आहे.

मग मी माझं फोल्डर उघडलं.

पुसले होते ते माझे मराठी फॉन्ट.
'आमच्या येथे श्रीकृपेकरून'
ह्याची चार झाडं झाली होती आणि एक मोडकी कुऱ्हाड.
'चि. सौ. कां.' म्हणजे तीन काटे.
सगळी लग्नं, सगळ्या मुंजी, दोन वास्तुशांती,
कुठल्यातरी चेटकिणीच्या हस्ताक्षरात.

ओजसचा चेहरा उतरला. "काकू, सगळं गेलं?"

गेलं नाही. फॉन्टची सीडी कपाटात आहे, चादरींखाली.
पण बस जरा. मला वाचता येतंय.
हे मधलं मोठं, ते वधूवर.
हा कोपऱ्यातला गठ्ठा म्हणजे मामा,
ह्यांचा क्रम चुकला की भांडणं.
आणि हे खाली मुंग्यांएवढं,
'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं',
खाली पोरांची नावं. त्यातला एक आता बँकेत आहे.

ही बघ, ही मुलगी तीन वर्षांनी परत आली होती.
त्याच फाईलवर नवरदेवाची ओळ बदलून दिली,
बाकी मामा तेच.
भोकरे म्हणाले, अर्धेच पैसे घ्या.

ओजस बोट फिरवत होता काट्यांवरून.
"माझ्या वाढदिवसाची ह्याच्यात कराल? कुणाला कळणार नाही अशी?"
मग येणार कोण?
"ज्याला कळेल तो."

रात्री बंद करायला गेले तर
डब्याने काहीतरी विचारलं,
दोन ओळी काटे, खाली दोन दगडी बटणं.
शब्द कळेना.
डावीकडचं बहुतेक 'हो' असतं.
तलवार तिथे नेली, दाबलं.
गुहेतला जाळ विझला.
पंखा मात्र थोडा वेळ फिरत राहिला,
जात्यात शेवटची मूठ उरावी तसा.