खारा वारा येण्याआधी

मिठबावच्या सड्यावर कातळ अजून गार आहे.
मतलई वारा आहे तोवरच काय ते काम.
अकराला वारा फिरला की समुद्राची वाफ वर चढते
आणि अवरक्त गिळून बसते.

डिटेक्टर उणे ऐंशीवर आलाय.
ऊन मोजायचं तर आधी आपण
एवढं गार व्हावं लागतं.

पडद्यावर सूर्य राखाडी,
घावनासारखा जाळीदार.
काठाशी एक डाग.
दहा सतरा.
डागाच्या दोन्ही अंगांना ठिपके उजळतात,
लांबतात, त्यांच्या फिती होतात.
शेजारची साधी दुर्बीण म्हणते, काही नाही.

खाली कातळावर शेवंती मेथर
पालथ्या पंजानं बांगडे चाचपतेय.
मान वर न करता म्हणते,
"आज ऊन येगळाच लागता गो."

ज्वालेची भर दहा हजारांत एक भागही नाही,
कातडीला कळायची नाही.
हे मी तिला सांगत नाही.
तिच्या पंजावर मीठ, दोन खवले,
भाजल्याचा एक जुना वण.

दहा एकोणतीस. आलेख थरथरतो.
दुसरी ज्वाला! मी वेळ लिहायला घेते.
शेवंती बांगड्यांवर जाळं ओढते,
कडेला धोंडे ठेवते.
"वारो फिरलो," म्हणते.

मग माझ्या कागदाचा कोपरा उडतो.
ज्वालेची सगळी उतरण वाफेनं खाल्ली.
वहीत वेळेसमोर मी खोडून लिहिते:
खारा वारा. नोंद, शे. मेथर.