टॉवेलांच्या ढिगाआड

साखर पेठेतल्या दीड खोलीत
टॉवेलांचा ढीग माझ्या खांद्याइतका.
डझनावर पैसे. चारी कडा शिवायच्या,
दोरा तोडायचा, पुढचा घ्यायचा.
दुपारी पत्रा तापला
की मशीनचं चाकसुद्धा हाताला चटका देतं.

त्या ढिगाआड काल सुवार्ता लपली.
साडेचार वर्षांची.
गुळाचा डबा उघडा, मुंग्यांच्या आधी ही पोचलेली.
ढिगाखालून दोन पाय बाहेर,
एकाच पायात पैंजण.
मी म्हटलं, "सुवे, कुठं आहेस गं?"

दिसत होती की मला.
तरी विचारलं. पुन्हा विचारलं.
आतून आवाज आला, "मी इथं नाहीये."

हसू दाबताना सुई बोटात गेली
आणि बोट चोखता चोखता आठवला
झाडांमागे लपलेला तो पहिला माणूस
आणि त्याला हाका मारत फिरणारा देव.
रविवारच्या शाळेत मी विचारलं होतं,
सगळं ठाऊक असलेला हाका कशाला मारतो?
बाई म्हणाल्या, "गप बस, चित्र रंगव."

पत्ता नको होता, बाई, त्याला.
आपण होऊन बाहेर यावं एवढंच,
गुळाच्या तोंडानं का होईना.

ती आली. येताना टॉवेलाला तोंड पुसून आली.
तो टॉवेल शेठनं परत पाठवला,
अख्ख्या डझनाचे पैसे कापले.
माफी फुकट नसते. कुणीतरी भरतं.

रात्री हात जोडून तिची प्रार्थना:
"देवा, भाकरी दे. कडक नको.
पद्मक्काच्या घरची दे,
त्यांच्या चटणीत शेंगा जास्त असतात."
शांतवन खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.
मी आमेन म्हटलं.
मला एवढं नेमकं मागता येत नाही आता.
माझ्या प्रार्थनेच्या चारी कडा शिवलेल्या,
एक दोरा लोंबत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिचा ताप उतरेना.
सिव्हिलमधली नर्स म्हणाली, "आई, घट्ट धरा."
मी धरलं. हात हातांनी, पाय गुडघ्यानं.
सुई जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं,
तू? तूसुद्धा?
मग टाहो फोडून शिरली ती कुणाच्या कुशीत?
ज्या हातांनी दाबून धरलं होतं, त्याच.
दुसऱ्या कुणाकडे जाता येतं
हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

मी तिथं बाकावर बसून
पहिल्याची आठवण काढली.
सात दिवसांचा होता. नाव ठेवायचं राहून गेलं.
त्यानंतर वर्षभर मी चर्चची पायरी चढले नाही.
पाळक घरी आले, चहा पिऊन गेले.
लेक जिथं बिलगली
तिथं मी पाठ फिरवून बसले होते.
चुकलं का? माहीत नाही.
त्या सुईत औषध होतं
हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.
तरी परत गेले एका रविवारी,
मागच्या बाकावर, पंख्याखाली.

आज पाचवा दिवस, पाण्याचा.
अडीचला नळ आधी नुसती हवा सोडतो,
मग एक खोकला, मग धार.
मी हंडा लावून उकिडवी बसलेली,
बल्ब डोक्यावर लख्ख.
ती झोपेतून उठून आली,
न शिवलेला टॉवेल फरपटत,
उंबऱ्यात उभी राहिली
आणि मला बघत बघत म्हणाली,
"आई, कुठं आहेस?"

दिसत होते की मी तिला.

"इथं आहे गं," मी म्हटलं,
"इथंच आहे," आणि तिला उचललं, ओल्या हातांनी.
किती वेळ गेला कोण जाणे,
भिंतीपलीकडून पद्मक्का ओरडली,
"अगं, हंडा बघ! पाणी चाललं सगळं!"