एकोणपन्नास किलो

आडवी पडल्यावर ती नाव वाटतच नाही.
एक होडकं पाण्यात, एक वर उन्हात,
मधली जाळी भिंतीसारखी उभी, ठिबकणारी,
आणि शीड पाण्यावर पसरलेलं,
पिळायची राहून गेलेली चादर.

एप्रिलचा शेवट. अंबाझरी अर्धी जलपर्णीखाली.
साडेदहाचा तो वारा दाभ्याच्या बाजूने आला,
एकदाच आला,
आणि मी दोर हातात गुंडाळून
चहाचा विचार करत होते.

टेंभुर्णे सरांची नौदलात सोळा वर्षं,
मग हिंगण्याला पिठाची चक्की.
ते सांगायचे,
कॅटमरान म्हणजे तिकडच्या बोलीत बांधलेली लाकडं.
हिला कलंडायला वेळ लागतो,
पण कलंडली की मनापासून कलंडते.
आधी शिडाचा दोर सोड,
नाहीतर नाव नाही, तळं उचलत बसशील.
मग नाक वाऱ्याकडे.
मग खालच्या होडक्यावर उभी राहा,
वरच्यावरून दोर घे आणि माग पड.
पड म्हणतो मी. ओढू नको.
ओढणारे थकतात.

दोर सोडला.
नाकाशी धरून पोहत पोहत वळवली,
डुंबणाऱ्या म्हशीला वळवावं तशी,
तीही तशीच वळली, स्वतःच्या सवडीने.
उभी राहिले. मागे पडले.
पाठ पाण्याला टेकायला आली, वेणी भिजली,
नाव ढिम्म.

हेमलता होती तेव्हा दोघींचे मिळून एकशे तीन भरायचे.
ती आता बुटीबोरीला, रविवारीही पाळी.
माझे एकटीचे एकोणपन्नास,
तेही ओल्या कपड्यांसकट.

ट्रकच्या ट्यूबवर बसून वलथरेकाका जाळं सोडत होते.
"कायले उलथवली वं माय?"
मी म्हटलं, मुद्दाम नाही.
"येऊ काय?"
नको म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर
डोलकाठीच्या टोकाचा तेलाचा डबा
बुड बुड करून खाली जायला लागला.
खाली गाळ आहे. किती, ते कुणाला माहीत नाही.
गाळात टोक रुतलं की मग क्रेन, मग फोटो,
मग आईचा फोन.

तेव्हा पिशवी आठवली.
इतवारीतल्या शिंप्याने शिवून दिलेली, जुन्या फ्लेक्सची,
तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा अर्धा चष्मा
आणि नुसतं 'र्दिक शुभेच्छा'.
ती बुडवली, भरली, दोराला अडकवली.
पाण्यात होती तोवर तिला वजनच नव्हतं.
वर उचलून खांद्यावर घेतली
तेव्हा कळलं तळं किती जड आहे.

मागे पडले.
मी, आणि माझ्या पाठीवर चाळीसेक किलो अंबाझरी.
मोजायला सुरुवात केली, सत्तरपर्यंत आले,
मांड्या थरथरायला लागल्या,
एकाहत्तरला शिडाची एक कड
पाण्यापासून बोटभर सुटली,
आणि त्या बोटभर फटीत
तोच वारा शिरला.
ज्याने पाडलं तोच. मला त्याच्याबद्दल
तेव्हाही काही बोलायचं नव्हतं.

मग सगळं एकदम.
काठी आकाशात, होडकं डोक्यावर,
मी दोर टाकून मधल्या दांडीला लोंबकळले,
कारण सर म्हणायचे, उभी झाली की ती थांबत नाही,
तुझी ओळखही दाखवत नाही.
दाखवली नाहीच. दहा-बारा हात
मला घोरपडीसारखी फरफटत नेली.

मग शीड फडफडत राहिलं. काठीच्या टोकाला
काळा गाळ, हातभर,
आणि जलपर्णीची मुळं, दाढीसारखी.
म्हणजे टेकली होती.

मी अजून पाण्यातच.
हनुवटी जाळीच्या काठावर, वर चढायला जीव नाही.
पिशवी पालथी पडली होती,
चष्मा आकाशाकडे पाहत होता.

वलथरेकाकांनी जाळं हलवून पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं.
"झाली उभी," म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने,
"पण माहे मासे पयवले ना तुनं."