मंगळवारची विधवा

सोमवारी मी पडते.
जिन्यावरून, शिडीवरून, कधी नुसतीच खुर्चीवरून.
तासाला अठरा डॉलर, कॉफी फुकट.
हातात कार्ड देतात:
डावी बाजू लुळी, बोलणं अडखळतं, वय एकाहत्तर.
वय माझंच आहे. बाकीचं मी करते.

डलुथचं व्यवसाय प्रशिक्षण केंद्र,
तळघरात खोली नऊ.
पलीकडे वेल्डिंगवाले, जळक्या लोखंडाचा वास
भिंतीतून येतो.
इथली अर्धी मुलं अँब्युलन्सवर जाणार,
अर्धी पोलिसात,
दोन-चार वॉर्डात चादरी बदलायला.
सगळ्यांचे बूट नवे.
बुटांवरून कळत नाही
कोण श्वास चालू करणार आणि कोण बेड्या घालणार.

पा हुआ वांग माझी नाडी शोधते
तेव्हा जीभ दातांत धरते,
सुईत दोरा ओवताना धरावी तशी.
ब्यूलियू, धिप्पाड, जेमतेम विशीचा,
माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरतो,
काठोकाठ भरलेलं पातेलं चुलीवरून उतरवावं तसं.
मी मरू नये म्हणून इतकी माणसं
कधी झटली नव्हती.

मंगळवारी मात्र मी विधवा असते.

खोलीत एक खोटं दार आहे,
नुसती चौकट आणि फळी, घर नाहीच.
टकटक होते. मी उघडते.
कोपऱ्यात स्टुलावर ग्रेंडाल सर,
तीस वर्षं शेरीफच्या खात्यात, गुडघे कामातून गेलेले.
फळ्यावर त्यांचे दोनच शब्द:
मेले म्हणा.

'गेले' म्हणायचं नाही.
गेले म्हटलं की बाई विचारते, कुठे?
'आपल्यात नाहीत' नाही.
'देवाघरी' तर नाहीच, तो पत्ता तुम्हाला ठाऊक नाही.
'आम्ही खूप प्रयत्न केले' म्हणालात
तर ती पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहील.
आधी नाव. मग क्रियापद.
मग गप्प.
गप्प राहणं जमलं तो पास.

क्रियापद कुणाच्या तोंडून निघत नाही.
पा हुआ तीनदा दाराशी येऊन मागे फिरली.
एकानं माझी माफी मागितली, एकानं पाणी.
एक पोरगा हसला, आणि ते हसू त्याला आवरेना.
सर म्हणाले, होतं असं, बाहेर जाऊन ये.

कार्डावर 'पतीचे नाव' ही जागा कोरी असते.
चार वर्षं मी काहीही भरलं,
बिस्किटाच्या डब्यावरचं, हार्डवेअरच्या दुकानाच्या पाटीवरचं.
या मंगळवारी पेन थांबलं नाही आणि
ताउनो लिहून गेलं.

एकोणीस वर्षांपूर्वी खऱ्या दारात
एक माणूस उभा होता, खांद्यावर बर्फ.
धक्क्यावर अपघात झाला म्हणाला,
लोहखनिज भरताना.
म्हणाला, तुमचे पती आता आपल्यासोबत नाहीत.
मी विचारलं, कोणत्या इस्पितळात?
त्यानं नाव सांगितलं. खरंच सांगितलं.
मी त्याचा कोरडा स्वेटर घेतला, दोन जोड मोजे,
आणि सतरा मैल गाडी चालवली.
वाटेत हीटर त्याच्या बाजूला वळवून ठेवला,
परत येताना त्याला थंडी वाजू नये म्हणून.

ब्यूलियू आला. टोपी हातात.
"बाई, तुम्ही ताउनो कोस्केलांच्या पत्नी?"
"हो."
"ताउनो मेले."

आणि तो गप्प राहिला.
घड्याळाकडे पाहिलं नाही, बुटांकडे नाही.
भिंतीपलीकडची ठिणग्यांची सरसर ऐकू येत होती.
मला रडायचं होतं, कार्डात तसं लिहिलं होतं.
मी म्हणाले, "बरं."
तरी तो गप्प.
मी म्हणाले, "मग स्वेटरचं काय करू?"
हे कार्डात नव्हतं.
त्यानं हात पुढे केला, स्वेटर असल्यासारखा घेतला,
आणि नीट घडी घालून छातीशी धरला.

स्टुलावरून सर बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग खाकरून म्हणाले, "पास. पुढचा."

मी म्हणाले, थांबा जरा,
नाव बदलते.